टँगो शिकायचा तर आधी चालायला शिका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई जवळ आली की मुंबईत नाचाच्या वर्गांच्या जाहिराती वाढतात. साल्सा, बचाता यांच्या पंगतीत हल्ली टँगोचेही नाव दिसते. ‘आठ दिवसांत टँगो’, ‘संगीतासाठी टँगो’ असा मजकूर आणि शेजारी चित्र: बाईच्या दातांत गुलाब, पुरुषाची मान झटक्यात वळलेली. लोक पैसे भरतात, पाठ केलेला दोन मिनिटांचा नाच स्टेजवर करतात आणि टँगो आला असे समजतात. नुकसान होते ते शिकायला आलेल्या माणसाचे, कारण जे मिळण्यासारखे होते ते त्याच्या हाती लागतच नाही. म्हणून नवख्यांसाठी थोडे सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, तरी जागा द्यावी ही विनंती.

मान झटकण्याचा प्रकार बॉलरूम टँगोतला. तो युरोपात, मुख्यतः इंग्लंडमध्ये, स्पर्धांच्या नियमांत बसवला गेला. अर्जेंटाइन टँगो वेगळा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रिओ दे ला प्लाता या अफाट नदीमुखाच्या दोन काठांवरच्या बंदरांत, अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्समध्ये आणि उरुग्वेतल्या मोंतेविदेओमध्ये, तो घडला. बोटीने आलेले एकटे पुरुष, गोदीतली कामे, एका अंगणाभोवती दाटीने बांधलेल्या खोल्या. गिरणगाव पाहिलेल्या मुंबईकराला हे चित्र परके वाटू नये. 2009 साली दोन्ही देशांच्या एकत्रित प्रस्तावावरून युनेस्कोने टँगोला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. मुख्य म्हणजे हा नाच बसवलेला नसतो. गाणे सुरू झाल्यावर दोघे तो तिथल्या तिथे रचतात. एक जण सुचवतो, दुसरा ते अंगाने ऐकतो आणि पुरे करतो. सुचवणाऱ्याला वर्गांत लीडर म्हणतात, दुसऱ्याला फॉलोअर. लीडर पुरुषच असावा असे काही नाही. ब्युनोस आयर्समध्येही सुरुवातीच्या काळात पुरुष पुरुषांबरोबर सराव करूनच तयार होत. पहिल्या महिन्यातच प्रत्येकाने दोन्ही बाजू थोड्या थोड्या करून पाहाव्यात असे आमचे मत आहे. समोरच्याला काय कळते आणि काय कळत नाही, हे दुसऱ्या बाजूला उभे राहिल्याशिवाय उमगत नाही.

टँगोतली पहिली गोष्ट म्हणजे चालणे. रोज चालणाऱ्या माणसाला हे शिकवावे लागते, कारण रस्त्यावर आपण पुढे पडतो आणि पाय टाकून स्वतःला सावरतो. टँगोत पडायचे नसते. प्रत्येक पावलाच्या शेवटी एका पायावर पूर्ण थांबता आले पाहिजे.

सरावाला जागा फार लागत नाही. जुन्या इमारतींत मोझेकच्या फूटभर लाद्या असतात, नव्या फ्लॅटमध्ये दोन फुटी. लाद्यांच्या सांध्याची सरळ रेघ हाच आपला रस्ता. रेघेवर उभे राहा. सगळे वजन उजव्या पायावर. डावा पाय त्याच्या घोट्याला लागून, पण त्यावर भार शून्य; त्याच्याखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवला तर कोणीही तो अलगद ओढून घेऊ शकेल इतका रिकामा. उजवा गुडघा किंचित सैल. आता आधी छाती पुढे सरकते, बोटभर. मग डावा पाय कमरेपासून सुटा होऊन रेघेवरून पुढे जातो, आणि त्याच वेळी उजवा तळपाय लादीला मागे रेटतो. पाऊल दीड फुटाचे, म्हणजे जुन्या फूटभर लादीच्या हिशेबाने दीड लादीचे, पुरे. वजन पूर्ण डाव्या पायावर आले की उजवा पाय फरफटत न आणता घोट्याला घासून शेजारी आणा आणि थांबा. आधी चार ठोक्यांना एक पाऊल, आठवड्याने दोन ठोक्यांना, मग एका ठोक्याला. रोज दहा मिनिटे: पाच पुढे चालण्याची, पाच मागे. सोसायटीच्या पॅसेजमध्ये, शेजाऱ्यांची झोपमोड न करता, हे सहज होते.

मागे चालताना क्रम बदलतो. पाय आधी लांबतो, चवड्याची आतली कड लादीला टेकते आणि तिथेच वाट पाहते. समोरच्याची छाती येऊ लागली की मग वजन त्या पायावर जाते आणि टाच सर्वांत शेवटी खाली येते. नवख्या फॉलोअरची ठरलेली चूक म्हणजे पाय आणि वजन एकदमच मागे टाकणे. मग लीडरला पाऊल लांबवता येत नाही, आखडता येत नाही आणि मध्येच थांबवताही येत नाही, कारण ते आधीच संपलेले असते.

दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात, ते टँगोत अक्षरशः खरे आहे. दोन्ही पायांवर निम्मे निम्मे वजन ठेवून उभे राहिलात की पुढचा पाय कोणता, हे तुमच्या जोडीदाराला कळायला मार्गच उरत नाही. वर्गांत होणाऱ्या निम्म्या गोंधळांचे मूळ इथे असते. ‘तिला डावीकडे जायचे कळलेच नाही’ असे लीडर म्हणतो, तेव्हा बहुधा त्याने स्वतःचेच वजन धड एका पायावर नेलेले नसते.

पायावर पाय पडण्याची भीती सगळ्यांना असते, आणि त्या भीतीपोटी लीडर खाली पाहू लागतो किंवा पाय फाकवून बदकासारखा चालतो. दोन्हींमुळे पाय जास्तच तुडवले जातात. माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार-पाच किलो असते. ते पुढे झुकले की छाती आत जाते, आणि ज्या छातीवरून फॉलोअरला ‘आता निघायचे’ हे समजायचे ती छातीच मागे राहते. पाय मात्र पुढे गेलेला. तिचा पाय अजून तिथेच, कारण तिला निरोपच मिळालेला नाही. उपाय एकच: आधी छाती, मग पाय, आणि नजर समोरच्याच्या कानामागे दूर कुठेतरी.

आता मिठीविषयी. स्पॅनिशमध्ये अब्रासो. आपल्याकडे या शब्दापाशी अनेक जण अडखळतात, आणि तो संकोच समजण्यासारखा आहे. तो दामटून मोडू नये. चांगला वर्ग सुरुवातीला मोकळ्या मिठीने चालतो: दोघांच्या छातीत वीतभर तरी अंतर, लीडरचा उजवा तळवा फॉलोअरच्या खांद्यामागच्या पसरट हाडाखाली सपाट टेकलेला, फॉलोअरचा डावा हात लीडरच्या दंडावर किंवा खांद्यामागे. दुसऱ्या बाजूचे हात दोघांपैकी जो बुटका त्याच्या डोळ्यांच्या उंचीपर्यंत. रस्ता ओलांडताना लहान मुलाचा हात धरतो तसा धरावा. सुटणार नाही, पण आवळलेलाही नाही. त्या हाताने ढकलणे, ओढणे, पंप मारल्यासारखे वरखाली करणे, सगळे निषिद्ध. जवळची मिठी, जिच्यात छातीला छाती लागते, ती दोघांना हवी असेल तेव्हाच. अंतर किती, हे फॉलोअरने ठरवायचे आणि लीडरने ते निमूट मानायचे.

तोल समजावायला आपल्याकडे एक उत्तम उदाहरण आहे, फुगडी. फुगडीत दोघी मागे रेलतात, एकमेकींच्या हातांवर भार टाकतात आणि हात सुटला तर दोघी पडतात. टँगोतही असा सामाईक तोल येतो, पण फार पुढे. नवख्याने नेमके उलट करायचे. कोणत्याही क्षणी समोरच्याने हात काढून घेतला तरी मी जागच्या जागी उभा राहीन, अशी स्थिती हवी. सराव करताना खरोखर दर दहा पावलांनी हात सोडून पाहा. कोण कोणावर लटकत होते ते लगेच कळते.

पुष्कळ वर्गांत पहिल्याच दिवशी आठ पावलांचा पाठ देतात. वाईट नाही, पण त्यात एक खोट आहे. पाठ असा: एकला लीडर उजव्या पायाने मागे, दोनला डाव्याने बाजूला, तीनला उजवा पाय फॉलोअरच्या उजव्या अंगाबाहेरून पुढे, चारला डावा पुढे, पाचला उजवा शेजारी, इथे फॉलोअरचा डावा पाय उजव्यासमोर येऊन फुली होते. सहाला लीडरचा डावा पुढे, सातला उजवा बाजूला, आठला डावा शेजारी. खोट पहिल्या पावलात आहे. टँगोच्या मैदानात सगळी जोडपी घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने, प्रदक्षिणेच्या उलट, गरब्याचा फेर फिरतो तशी फिरतात. या फेराला रोंदा म्हणतात. त्यात एकाने न पाहता मागे पाऊल टाकले की तो सरळ मागून येणाऱ्या जोडप्यावर आदळतो. संध्याकाळी सहा वाजता दादरच्या पुलावर कोणी एकदम मागे सरले तर जे होईल, तेच. म्हणून पहिले पाऊल गाळा आणि दोनपासून, बाजूच्या पावलाने, सुरुवात करा. स्टुडिओत एकट्या जोडप्याने शिकताना हा दोष कधीच दिसत नाही, आणि सवय मात्र अंगात मुरते.

पाचव्या पावलाची फुलीही घोकायची गोष्ट नाही. तीनला लीडर फॉलोअरच्या बाहेरच्या बाजूने चालतो, तेव्हा त्याची छाती किंचित उजवीकडे, म्हणजे तिच्याकडे, वळलेली असते. पाचला ती पुन्हा सरळ होते. त्या वळण्याने फॉलोअरच्या डाव्या पायाला शेजारी जागा उरत नाही, म्हणून तो समोरून जातो. लीडरची छाती सरळ झाली नाही तर फुली होऊ नये. फॉलोअरने ‘पाच आले’ म्हणून ती स्वतःहून करू नये. शिक्षक आकडे मोजत असतील तर दोन आठवड्यांनी त्यांना मोजणे थांबवायला सांगा. आकड्यांवर नाचणारी फॉलोअर नऊ महिन्यांनीही आकड्यांवरच नाचते.

यानंतर ओचो. स्पॅनिशमध्ये ओचो म्हणजे आठ. फॉलोअरचे पाय जमिनीवर आठाचा आकडा काढतात म्हणून हे नाव. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी हलके धरा. छाती खुर्चीकडेच राहू द्या आणि कंबर मात्र उजवीकडे वळवा. ओला पंचा पिळताना वरचा हात एकीकडे, खालचा दुसरीकडे जातो, तशी बरगड्यांखाली पीळ पडली पाहिजे. खुर्चीसमोरून एक पाऊल टाका, वजन पूर्ण त्या पायावर न्या, दुसरा पाय घोट्याशी आणा आणि मगच चवड्यावर वळा. टाच उचलायची ती कागद सरकेल इतकीच. सुरुवातीला पाव वळसा पुरे. पीळ सुटते तीच कमरेला फिरवते. पायाने भोवऱ्यासारखे ढकलायचे नसते. वजन दोन्ही पायांत असताना वळलात की सगळी मुरड गुडघ्यात जाते. दुसऱ्या दिवशी गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखले तर कारण हेच समजा, आणि दुखणे थांबेपर्यंत वळणे बंद ठेवा.

गुडघ्याचा दुसरा शत्रू म्हणजे बूट. रबरी तळव्याचे स्पोर्ट्स शूज लादीला पकडून ठेवतात. पाऊल जागेवर राहते आणि गुडघा फिरतो. महागडे नाचाचे बूट पहिल्या दिवशी घ्यायची गरज नाही. जुने, पायाला घट्ट बसणारे कॅनव्हासचे बूट मोच्याकडे द्या आणि तळव्याला पातळ चामडे चिकटवून, कडेने शिवून घ्या. तेवढेही जमत नसेल तर बुटावरून जुना सुती मोजा चढवा. मोजा गुळगुळीत लादीवर फार निसटतो, म्हणून तो फक्त वळण्याच्या सरावाला. कोल्हापुरी चपलेचा तळ चामड्याचा असला तरी टाच मोकळी राहते, मागे पाऊल टाकताना ती निघते. टाचेचे बूट हवेच असतील तर तीन-चार सेंटिमीटरची रुंद टाच आणि घोट्याला पट्टा. पावसाळ्यात चामडी तळ भिजला की फुगतो आणि शिवणीतून सुटतो, म्हणून ते बूट पिशवीत न्या आणि हॉलमध्येच घाला. फरशी घसरती व्हावी म्हणून टाल्कम पावडर टाकण्याची खोड काही ठिकाणी आहे. ती कृपा करून मोडावी. पावडर सगळीकडे सारखी बसत नाही, एका लादीवर पाय पकडतो आणि पुढच्या लादीवर निसटतो.

कपड्यांचे थोडक्यात: मागे लांब पाऊल टाकता येईल असे काहीही चालते, बाजूला कट असलेला कुर्ता आणि सलवार उत्तम. मुंबईच्या दमट हवेत एक जादा शर्ट आणि नॅपकिन प्रत्येकाने आणावा. जवळ उभे राहायचे तर ही साधी माणुसकी आहे, आणि उग्र अत्तर हा त्यावरचा उपाय नाही.

संगीताबद्दल मात्र थोडे थांबून सांगायला हवे, कारण आपल्या कानांची खरी अडचण तिथे आहे. ढोलकी, ताशा, हलगी यांवर वाढलेला कान ठोका शोधतो तो चामड्याच्या वाद्यात. नाचासाठी वाजणाऱ्या टँगोच्या पारंपरिक वाद्यवृंदात ढोल नसतोच. बांदोनेऑन, व्हायोलिन, पियानो आणि डबल बास यांवर सगळे चालते. बांदोनेऑन हे आपल्या पेटीच्या दूरच्या नात्यातले, भात्यावर चालणारे, बटणांचे जर्मन वाद्य. ठोका शोधायचा तो डबल बासच्या खर्जात आणि पियानोवादकाच्या डाव्या हातात. आधी पाय न हलवता, बसल्या बसल्या, नुसती मांडीवर थाप देत आठवडाभर ऐका. सुरुवात हुआन दारिएन्सो यांच्या वाद्यवृंदापासून करा. त्यांना ‘ठोक्याचा राजा’ म्हणत, आणि तो ठोका बहिऱ्यालाही जमिनीतून कळावा इतका ठसठशीत आहे. मग कार्लोस दी सार्ली. त्यांच्याकडे ठोका तसाच पक्का पण वर व्हायोलिनची लांब ओढ, चालण्याच्या सरावाला याहून चांगले काही नाही. ओस्वाल्दो पुग्लिएसे वर्षभराने. त्यांची लय ताणते आणि सैल होते, नवखा तिथे हमखास वाहून जातो. आस्तोर पिआत्सोला अनेकांनी ऐकलेले असतात आणि ते आवडतातही; ते जरूर ऐकावे, पण पहिल्या वर्षी त्यांच्यावर पाय टाकू नये. ज्याला सुवर्णकाळ म्हणतात तो ढोबळपणे 1935 ते 1955 चा. त्या काळच्या तबकड्यांमुळे बहुतेक गाणी तीन मिनिटांच्या आसपास आहेत. ऐकताना वाक्य कुठे संपते ते पाहा. वाक्याच्या शेवटी थांबणे हीसुद्धा नाचातली एक हालचाल आहे. तिथे थांबणारा नवखा, दहा करामती करणाऱ्यापेक्षा जास्त टँगो नाचत असतो.

तीन-चार महिन्यांनी मिलोंगाला जावे. मिलोंगा म्हणजे टँगोची नाचसभा. याच नावाचा एक जलद नाचही आहे, त्याने गोंधळू नये. गाणी गटाने वाजतात, गटाला तांदा म्हणतात: टँगोची बहुधा चार, वॉल्ट्झची किंवा मिलोंगाची तीन. मध्ये दुसऱ्याच धाटणीचा एक तुकडा, कोर्तिना, वाजतो आणि सगळे जागेवर जातात. जोडीदार मागायचा तो नजरेने आणि मानेच्या हलक्या होकाराने. समोरच्याने नजर वळवली तर उत्तर मिळाले. जवळ जाऊन हात पुढे करून भरीस घालू नये. आपल्या समाजात बाईला ‘नाही’ म्हणणे अनेकदा जड जाते, म्हणून हा रिवाज आम्हाला मनापासून मोलाचा वाटतो. फेरात शिरण्यापूर्वी मागून येणाऱ्या लीडरकडे पाहावे, त्याने मान हलवली की आत यावे. पुढच्याला ओलांडू नये. वीस बाय तीस फुटांच्या हॉलमध्ये पंधरा जोडपी असली तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस चौरस फूट येतात, तेव्हा पाय हवेत उडवण्याचे सगळे प्रकार घरी ठेवावेत. आणि नाचता नाचता जोडीदाराला शिकवू नये. शिकवण्यासाठी प्राक्तिका असते, तिथे थांबून बोलायला मोकळीक आहे.

वर्ग निवडताना फी भरण्याआधी एक तास नुसते बसून पाहू द्या म्हणावे. तासातली पहिली पंधरा-वीस मिनिटे चालण्यात आणि तोलात जातात का ते पाहा. दर दोन-तीन गाण्यांनी जोडीदार बदलतात का, हेही पाहा. बदलत असतील तर एकट्याने जायला हरकत नाही. आणि नवरा-बायकोनेही बदलावे, कारण एकाच माणसाबरोबर शिकले की त्याच्या चुकांची सवय होते आणि त्या चुका दिसेनाशा होतात. शिक्षक फॉलोअरची चूक दाखवण्याआधी लीडरकडे पाहतो का? हा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आणि फरशीवर स्वतः, आपल्याच बुटांनी, एका पायावर पाव वळसा घेऊन पाहा. गुडघ्याला ओढ बसली तर बूट बदला. बूट बदलूनही बसली तर दुसरा हॉल शोधा.

कळावे,
आपले नम्र,
टँगो शिकवणारे दोघे,
माहीम, मुंबई